आईने लावलेली खेप

आई गेली तेव्हा यंत्रात अंडी होती.

घर माणसांनी भरलेलं होतं. पुढच्या खोलीत बायका, बाहेर पुरुष, आणि मागच्या खोलीचं दार लोटून घेतलेलं. दार सारखं उघडलं की खोलीतली ऊब जाते, म्हणून तिथे कोणाला जाऊ देत नव्हते. बाबा मधूनच उठून आत जायचे. लोकांना वाटायचं, बिचारा एकटा रडायला जातो. ते अंडी फिरवायला जात होते.

यंत्र म्हणजे जुनं लाकडी कपाट. आत तापणाऱ्या तारा, एक छोटा पंखा, पाण्याची थाळी आणि एकाखाली एक ट्रे. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला निळ्या पेन्सिलने गोल काढलेला आणि दुसऱ्या बाजूला फुली. कोंबडी पायाने अंडी उलटीपालटी करते, ते काम इथे माणसाने करायचं. एकदा सगळे गोल वर, पुढच्या वेळी सगळ्या फुल्या वर. गोल आणि फुल्या आईच्या हातच्या होत्या. तिचा गोल कधी पुरा मिटायचा नाही, शेवटी थोडी फट राहायची.

माणसं पांगल्यावर मावशी बाबांना म्हणाली, "मोडून टाका ही खेप. बाई गेली. आता कोण निस्तरणार हे?"

"तिने लावलीत," बाबा म्हणाले. "निघतील."

"अहो, पण तुम्हाला येतं का त्यातलं काही? बत्तीस वर्षं ती करत आली आणि तुम्ही फक्त टोपल्या उचलल्यात."

"मग आता अंडी उचलीन."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी रजा वाढवून घेतली.

घरात आम्ही चौघं उरलो. बाबा, दादा, वहिनी आणि मी. पुस्तकांमध्ये मी शोकाबद्दल बरंच वाचलं होतं. त्यातल्या माणसांना बसून राहायला खिडक्या असतात. आम्हाला थाळीत पाणी ओतायचं होतं, ट्रे ओढायचे होते, हात धुऊन पुसून कोरडे करायचे होते. ओल्या हाताने अंडं धरलं की बाबा ओरडायचे. आईही अशीच ओरडायची.

अंडी दिव्यावर धरून बघायची वेळ आली तेव्हा बाबांना अंडं धरणं आणि आत बघणं एकदम जमेना. मी अंडं धरलं आणि ते वाकले. आत लाल शिरांचं जाळं होतं आणि मधे एक काळा ठिपका हलत होता.

"आहे," बाबा म्हणाले. पुढच्यालाही "आहे." जे आतून नुसतं पिवळं दिसलं ते त्यांनी बाजूला काढलं.

थंडी वाढत होती. त्यातच आमच्या गल्लीला वीज देणारी डीपी जळाली.

धूर बघायला सगळी गल्ली जमली. वायरमन खांबावर चढला, उतरला, हात झटकत म्हणाला, "गेली. नवी येईपर्यंत पलीकडच्या डीपीवरून पाळीपाळीने देऊ. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ."

"अशी कशी गेली?" बाबांनी विचारलं.

"काका, तुम्हाला बाहेरून खांब दिसतो, घराघरात काय चालतं ते दिसतं का? पूर्वी गल्लीवर लोड यायचा संध्याकाळी. दिवे लागायचे, टीव्ही लागायचा, झोपले की उतरायचा. आता उतरतच नाही. नेट आलं आणि माणसं घरात बसली. पोरं घरात, सुना घरात, कामं घरात. मशीनला श्वास घ्यायला जागा नको?"

"ऐकलंस?" बाबा दादाला म्हणाले. जणू गल्लीची डीपी दादानेच काडी लावून जाळली होती.

दादा पूर्वी बाजारगावात एका दुकानात हिशेब बघायचा. दुकान बंद पडलं आणि त्याने घरी नेट घेतलं. आता तो दूरच्या शहरांमधल्या गोदामांची दारं राखत होता. त्याच्या पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी असायच्या. कुठे लोखंडी फाटक, कुठे बोळ, कुठे शटर. एखाद्या दारात कोणी उगाच घोटाळला की दादा बटण दाबून माईकमध्ये विचारायचा, "कोण आहे? काय काम आहे?" आमच्या भिंतीपलीकडची म्हातारी पहिल्या दिवशी घाबरून म्हणाली होती, "मीच आहे रे बाबा, माझ्याच घरात आहे."

बाबांना हे काम पटलंच नव्हतं. "राखणदार म्हणे. आपल्या दारात कुत्रं शिरलं तर पत्ता नाही, आणि परगावच्या चोराला खडसावतोय. सगळा दिवस खुडूक. कोंबडी खुडूक बसली तर पिल्लं तरी निघतात."

आई असताना या बोलण्यावर हसायची पद्धत होती. आता कोणी हसायचं नाही, म्हणून ते बोलणं टोचायला लागलं.

वीज गेली की सगळं इन्व्हर्टरच्या एका बॅटरीवर यायचं. यंत्र तिच्यावर, दादाचा कॉम्प्युटर तिच्यावर, आणि भिंतीवरचा नेटचा डबाही तिच्यावर. डब्यावर हिरवे दिवे लुकलुकायचे. बाबा जाता येता त्यांच्याकडे बघायचे, धान्यात तोंड घातलेल्या उंदराकडे बघावं तसे.

"हा बंद कर."

"बाबा, तो काही खात नाही. झिरोच्या दिव्याइतकासुद्धा नाही."

"तो खात नाही, कबूल. तो पंगत बसवतो. तो आला म्हणून तुझा कॉम्प्युटर दिवसभर. तू घरात म्हणून पायाशी शेगडी. त्याच्यात बघून तुझ्या बायकोने विजेची चूल मागवली. मेलं ते एकटं कधी जेवतं का?"

"आणि दुपारच्या कुस्त्या कोण बघतं?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्या काय रॉकेलवर चालतात?"

आई असतानाच बाबा फोनवर जुन्या कुस्त्या बघायला लागले होते, बघता बघता फोन छातीवर ठेवून झोपायचे, आणि पैलवान तसेच लढत राहायचे.

दुसऱ्या दिवशी वहिनीने चूल गुंडाळून माळ्यावर टाकली. दादाने शेगडी काढली आणि पायांना घोंगडी गुंडाळून बसला. बाबांनी कुस्त्या सोडल्या. तरी बॅटरी संध्याकाळ गाठेना.

गिरणीवाल्याकडे जनरेटर होता. बाबांनी आणि मी बॅटरी हातगाडीवर चढवली. ती बाळंतिणीसारखी सरळ न्यायची, कलली की आतलं तेजाब सांडतं. खड्ड्यात चाक गेलं, थोडं सांडलंच, आणि बाबांच्या सदऱ्याला पोटापाशी भोकं पडली. त्यांनी ती हाताने झाकली आणि गिरणीत शिरले.

गिरणीवाला दळण तोलत होता. त्याने आम्हाला बघितलं आणि तोलतच राहिला. रांगेतल्या बायका संपल्या, नंतर आलेली एक बाईसुद्धा दळून घेऊन गेली. बाबा पिठाने पांढऱ्या झालेल्या भिंतीला न टेकता उभे राहिले.

"बोला," शेवटी तो म्हणाला.

"बॅटरी थोडी चार्ज झाली असती तर..."

"तुमच्याकडे तर काय, नेट आहे! सगळं घरपोच येतं म्हणे. करंट पण मागवायचा की."

पट्ट्याजवळचा गडी हसला. बाबाही हसले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. खालचा ओठ तेवढा हलला.

"अंडी आहेत आत," ते म्हणाले. "हिच्या आईने लावलेली."

गिरणीवाल्याने मग पिठाचे हात झटकले आणि बॅटरी स्वतः उतरवून घेतली. पैसे घेतले नाहीत. परत येताना बाबा म्हणाले, "पैसे घेतले असते तर बरं झालं असतं."

असे दिवस गेले. सकाळी वीज आली की पाणी, चार्जिंग, धुणं. गेली की यंत्रावर सदरे, शाली पांघरायच्या, आणि मग हातगाडी. अंडी जड झाली. दिव्यावर धरली की आता जाळं दिसत नव्हतं, नुसता काळोख, आणि वरच्या बाजूला हवेची उजळ कड. त्या कडेवर कधी काहीतरी आतून ढुशी द्यायचं. बाबा ते मला दाखवायचे आणि मग आईच्या रिकाम्या स्टुलावर बसायचे.

शेवटचे तीन दिवस यंत्राचं दार उघडायचं नसतं. अंडी फिरवायची नसतात. आत दमट ऊब कोंडून राहिली तरच पिल्लाला कवच फोडता येतं. दार उघडलं तर आतलं पातळ कातडं वाळतं आणि पिल्लाच्या अंगाला चिकटतं. कपाटाला काच नव्हती. म्हणून गेल्या वर्षी दादाने आत एक सेन्सर बसवला होता. आतल्या उबेचा आकडा नेटवरून फोनवर दिसायचा, आणि ऊब कमी-जास्त झाली की फोन ओरडायचा. आईला हे फार आवडलं होतं. बाजारात भाजी निवडता निवडता ती फोन बघायची आणि शेजारणीला सांगायची, "पोरं बरी आहेत माझी."

दार बंद झालं त्या दिवशी दादा म्हणाला, "बाबा, मी उद्यापासून बाजारगावात जाऊन बसतो. मित्राच्या दुकानात नेट आहे. माझा कॉम्प्युटर इथून उठला की बॅटरीवर फक्त यंत्र."

हे त्याने आपण होऊन म्हटलं होतं. बाबांनी मान हलवली. माझ्या आठवणीत ते दोघं त्या थंडीत एवढे जवळ कधी आले नव्हते.

"डबा मात्र चालू ठेवा. तो चालू असला तरच मला तिथे आकडा दिसेल."

"हं," बाबा म्हणाले.

दादा कॉम्प्युटर पिशवीत घालून सायकलवरून गेला. तो गोदामांचा पडदा नसल्यामुळे पुढची खोली एकदम रुंद वाटत होती. दोन दिवस सुरळीत गेले. बाबा यंत्राला कान लावून बसायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खुणेने बोलावलं.

लाकडाच्या आतून आवाज येत होता. बारीक, दबलेला. आधी एक, मग त्याला उत्तर देणारा दुसरा. कवचाच्या आतूनच बोलत होती.

"ऐकलंस?" या वेळी त्यांनी हा शब्द वेगळ्या तऱ्हेने उच्चारला.

वहिनी येऊन ऐकून गेली. डोळे पुसत म्हणाली, "सासूबाईंनी आवाजावरून सांगितलं असतं, कोणता कोंबडा आणि कोणती कोंबडी. खोटंच सांगितलं असतं, पण सांगितलं असतं."

बाबा हसले. मग मी आणि वहिनी धुणं घेऊन नळावर गेलो.

आम्ही तिथे असतानाच नवी डीपी आली. ट्रक, दोर, वायरमनची शिट्टी, पोरांचा गलका. दुपार कलायच्या आत गल्लीत एकच आरोळी उठली. वीज आली. घरोघरी टीव्ही लागले, पंप लागले, कुठेतरी मिक्सर फिरला. दिवे डोळ्यांना टोचतील इतके पांढरे जळत होते. समोरच्या घरात एक दिवा फट्कन फुटला, तरी सगळे हसलेच.

बाबा दारात उभे होते. "आता काही काळजी नाही," ते म्हणाले. "आता पोटभर आहे."

मी दादाला फोन लावला. "वीज आली. आकडा काय दाखवतोय?"

"सदतीस पॉइंट सहा. सकाळपासून जराही हललेला नाही. एकदम मस्त. दार उघडू नका हां कोणी."

मी बाबांना आकडा सांगितला. त्यांनी तो स्वतःशी परत म्हटला आणि अंगणात जाऊन पिल्लांसाठी टोपल्या झटकायला घेतल्या.

मागच्या खोलीतला चिवचिवाट वाढला होता. पुढच्या खोलीतही ऐकू येत होता. मग थोडा थांबला. बाबा म्हणाले, चोच बाहेर काढली की दमतात, झोपतात, ती म्हणायची. मग तो पूर्ण थांबला.

वहिनी भाकऱ्या उतरवून हात धुत होती. तिने नाक वर केलं.

"काहीतरी शिजल्याचा वास येतोय."

चुलीवर काही नव्हतं.

बाबांनी यंत्राचं दार उघडलं. आतून आलेली वाफ त्यांच्या तोंडावर बसली. त्यांनी हात आत घातला आणि झटकन मागे घेतला. तारा लाल होत्या. वीज जोरात आली तेव्हा त्यांना बंद-चालू करणारं बटण चिकटून बसलं होतं आणि त्या थांबल्याच नव्हत्या. वरच्या ट्रेमध्ये काही कवचांना भोकं पडलेली होती. भोकांतून चोची बाहेर आलेल्या. काही पिल्लं अर्धी निघून तिथेच, ओली, मान टाकून. एकाचा पंख कवचातून सुटला होता आणि वाळलाही होता. बाबांनी ते उचलून तळहातावर घेतलं, त्याच्या तोंडावर फुंकर घातली. परत घातली. आईच्या गोलाची फट त्याच्या अर्ध्या कवचावर स्पष्ट दिसत होती.

अगदी खालच्या ट्रेमधली थोडी जिवंत होती. वहिनीने ती ओच्यात घेतली.

दादा संध्याकाळी सायकल भिंतीला न टेकवताच आत आला. ट्रे जमिनीवर मांडलेले होते. त्याने ते बघितले, मग भिंतीकडे बघितलं. नेटच्या डब्यावर एकही दिवा नव्हता. डब्याला वीज देणारी वायर पिनेसकट गायब होती. त्याने खिशातून फोन काढला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. मोठ्या अक्षरात सदतीस पॉइंट सहा, आणि खाली राखाडी रंगात, मुंगीसारख्या अक्षरांत, ही नोंद सकाळची असल्याचं लिहिलेलं. डबा बंद पडल्यावर फोन तोच शेवटचा आकडा धरून बसला होता. दादा दिवसभर तो वाचत होता आणि आम्हाला सांगत होता.

त्याने फोन बंद करून खिशात टाकला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. ते आईच्या स्टुलावर होते. "तुझ्या फोनमध्ये तर बरोबर होतं."

दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "फोन ओरडत होता. मी कामात होतो. माझं लक्षच गेलं नाही. माझी चूक झाली, बाबा."

वहिनी ओच्यातली पिल्लं सांभाळत तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता बाबा उठतील, काहीतरी फेकतील. त्यांनी पोटापाशी भोकं पडलेल्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. आतून डब्याची पिन काढली, वायर गुंडाळलेली, आणि ट्रेच्या कडेवर ठेवली.

"सकाळी बॅटरीचा एक दिवा उतरला," ते म्हणाले. "म्हटलं, तेवढंच पोरांना जाईल. परत कोणी लावू नये म्हणून खिशात ठेवली. वीज आल्यावर लावायची राहिली."

दादाने पिन उचलली आणि तो गुंडाळलेली वायर सोडवायला लागला.

"तू कशाला खोटं बोललास?"

"बाबा, जाऊ दे ना."

"मी काय लहान आहे? तिच्या खेपेचं वाटोळं मी केलं आणि तू मला झाकतोस? गिरणीवाला झाकतो, तू झाकतोस." त्यांचा आवाज चढला नाही. "मला शिव्या दे. तुझ्या आईने दिल्या असत्या."

दादाने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो ट्रे उचलून मागच्या अंगणात गेला आणि खड्डा खणायला लागला. जमीन थंडीने कडक झाली होती. बराच वेळ कुदळीचा आवाज येत राहिला. बाबांनी एकेक कवच त्यात ठेवलं, फेकलं नाही.

जगलेली पिल्लं न्यायला पिल्लंवाला आला. आईशी तो एकेका चोचीवरून भांडायचा, "ही लंगडी, ही आंधळी, ही तर मामाच्या घरची पाहुणी" असं करत भाव पाडायचा. या वेळी त्याने टोपलीत डोकावलं, बाबा म्हणाले तेवढे पैसे काढून दिले, आणि मान खाली घालून निघून गेला. बाबा ते पैसे मुठीत धरून दारात उभे होते.

दादा आणि वहिनी त्यानंतर बाजारगावात राहायला गेले. भांडण झालं नाही. कामाला तिथे बरं पडतं, एवढंच दादा म्हणाला. जाताना त्याने भिंतीवरचा डबा काढला. तिथे चौकोनी, स्वच्छ डाग राहिला, बाकी भिंत धुरकट झालेली. वहिनी बाबांच्या पाया पडली आणि म्हणाली, "कुस्त्या बघायला येत जा आमच्याकडे." बाबा "येईन" म्हणाले. ते गेले नाहीत.

मीही निघणार होते. एकदा पुढे ढकललं, मग परत ढकललं. घरात एक दिवा लागायचा, तोही आम्ही दोघं एकाच खोलीत बसल्यामुळे.

एके दिवशी सकाळी मीटरचा माणूस आला. त्याने मीटर बघितला, पुसला, परत बघितला.

"घर बंद होतं का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग एवढं कमी कसं? मागच्या खेपेच्या पाव सुद्धा नाही." तो मीटरच्या मागे बोट घालून वायर चाचपायला लागला. "काका, खरं सांगा. तारेवर चोरून आकडा-बिकडा टाकलाय का कुठे?"

मी पुढे झाले, पण बाबांनी हाताने थांबवलं.

"माणसं कमी झालीत घरात," ते म्हणाले.

"माणसं कमी झाली तरी मीटर फिरायला पाहिजे. अडकला असेल. काहीतरी जड लावून दाखवा."

बाबा आत गेले. मागच्या खोलीतून बटणाचा आवाज आला. मीटरवरचा लाल दिवा आधी सावकाश लुकलुकत होता. तो भराभर मिटायला-उघडायला लागला.

"चालू आहे," मीटरचा माणूस म्हणाला. त्याने आकडा लिहून घेतला आणि पुढच्या घरी गेला.

बाबा बाहेर येईनात म्हणून मी आत गेले. यंत्राचं दार सताड उघडं होतं. ट्रे रिकामे होते. तारा लाल झाल्या होत्या, पंखा ती ऊब खोलीत लोटत होता आणि बाबा समोर स्टुलावर बसून दोन्ही तळवे तिच्यापुढे धरून होते.

मी म्हटलं, "बाबा, तो गेला. मीटर पळतोय."

"पळू दे," ते म्हणाले.